हुकूम कुणाचा, मान कुणाची

मागच्या महिन्यात आमच्या विहारात बैठक होती. बारावीतलं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, बावीस प्रतिज्ञा आपण दर रविवारी म्हणतो, पण त्या का पाळायच्या ते कुणी समजावून सांगेल का? सवाल साधा. पोराच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. अध्यक्षांनी एका वाक्यात त्याचा निकाल लावला. "बाबासाहेबांची आज्ञा आहे. आज्ञेला प्रश्न नसतो. खाली बस."

पोरगं खाली बसलं. टाळ्या पडल्या. त्यातल्या दोन माझ्या होत्या, हे आधीच कबूल करतो. नाहीतर तुम्ही म्हणाल हा शहाणा दुसऱ्यालाच शिव्या घालतोय.

रात्रपाळीला सायकल मारत निघालो तेव्हा डोक्यात किडा वळवळायला लागला. आज्ञेला प्रश्न नसतो. हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? रिंग खात्यात धागा जोडता जोडता रात्रभर तेच. पहाटे चारला, डोळे जड व्हायची वेळ असते तेव्हा, उजेड पडला. हे वाक्य आपलं नाहीच. हे वाक्य आपल्या बापजाद्यांच्या मानेवर दोन हजार वर्षं ठेवलेलं जू आहे, आणि आता आम्ही त्याला निळा रंग लावून विहारात आणलंय.

भावांनो, देवाची आज्ञा ही काय चीज आहे ते आधी नीट बघू. देव कधी कुणाच्या दारात येऊन स्वतः बोलला नाही. त्याचा हुकूम नेहमी दुसऱ्याच्या तोंडून आला, आणि ज्याच्या तोंडून आला त्याचं पोट त्या हुकमाने कधी उपाशी राहिलं नाही. मनूने शूद्राला परमेश्वराच्या नावाने एकच काम नेमून दिलं, वरच्या तिघांची सेवा. आणि वर अट घातली की ती कुरकुर न करता करायची. बघा, कामाचा हुकूम आहेच, पण तोंडातल्या कुरकुरीवरसुद्धा हुकूम. मालकालाही एवढं जमलं नाही. आमचा ठेकेदार बारा तास राबवून घेतो, पण चहाच्या टपरीवर त्याला शिव्या घालायला आम्ही मोकळे असतो. देवाने ती टपरीही ठेवली नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं पोथीतलं. पोथी वाचतो कोण? अरे, तीच तर गंमत आहे. न वाचता पाळली जाते ती देवाची आज्ञा. सरकारचा कायदा छापून भिंतीवर लावला तरी कुणी बघत नाही, आणि देवाचा हुकूम कुठंही न लिहिता गल्लीतल्या नळापर्यंत पोचतो. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ साली झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर पडून राहिला. कारण तळ्यावर दुसरा हुकूम चालत होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ उचलली तेव्हा तो हुकूम मोडला. आणि सनातन्यांनी लगेच तळं शुद्ध करून घेतलं, म्हणजे हुकूम परत चालू! म्हणून त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळावी लागली. जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे आपल्यातल्या ज्यांना नुसती जात बघून शिवी घालायची सवय आहे त्यांनी ध्यानात ठेवावं.

आता गिरणीत या. मी इचलकरंजीच्या पट्ट्यातल्या एका सूतगिरणीत आहे, पण गोष्ट मुंबईची सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं हजारोंनी होती, पण साचेखात्यात, म्हणजे विणाईत, नव्हती. पगार तिथं जास्त. मग का नव्हती? विणकराला धोट्यातल्या कांडीचं सूत तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावं लागे. म्हणजे उष्टं. महाराच्या थुंकीचा धोटा मराठ्याने तोंडाला कसा लावायचा? मँचेस्टरचं यंत्र, वाफेवर आणि विजेवर चालणारं, आणि त्याच्या नाकावर देवाचा हुकूम बसलेला! १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल केला की कामगारांच्या एकीच्या गप्पा मारता, तर विणाईखातं आमच्या माणसाला खुलं करा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? लाल बावट्याखाली उभ्या असलेल्यांचीही जीभ अडखळली. मालक पारशी असो, भाटिया असो, त्याला या हुकमाने काही तोटा नव्हता. कामगार आपसात विभागलेला त्याला बराच. पुढं फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब दोन शत्रूंची नावं घेऊन मोकळे झाले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण त्यातलं एक नाव घेतो तेव्हा दुसरं गिळतो. कधी हे, कधी ते. पुढारी कुठल्या पार्टीत गेलाय त्यावर अवलंबून.

तो धोटा आता गेला. साचे बदलले. पण खंडेनवमी आहे ना. आमच्या गिरणीत खंडेनवमीला मशीन पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, लिंबू कापतात, कोहळा फोडतात. मुकादम म्हणतो, मशीनची पूजा केली नाही तर मशीन रक्त मागतं. तीन वर्षांपूर्वी पूजा अगदी झोकात झाली होती. नारळ फुटले, पेढे वाटले. महिनाभराने कार्डिंगवरच्या एका पोराची दोन बोटं गेली. मशीनवरचं झाकण सहा महिन्यांपासून काढून ठेवलेलं होतं, कारण ते घालून-काढून साफसफाईला वेळ जातो आणि उत्पादन पडतं. सगळ्यांना माहीत होतं. मुकादम काय म्हणाला? "पूजेत कायतरी खोट राहिली." आणि ज्याची बोटं गेली तोही दवाखान्यात पडल्या पडल्या तेच म्हणत होता, की मी त्या दिवशी चप्पल न काढता आत गेलो होतो. दोस्तांनो, याला म्हणतात आज्ञाधारकपणा. झाकण काढायचा हुकूम ज्याने दिला त्याचं नाव तोंडावर येत नाही आणि चपलेची चूक आठवते.

आणि खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसराच होता. आम्ही आदल्या दिवशी मशीनला कुंकू लावतो आणि रात्रीची गाडी पकडून नागपूरला निघतो. मी स्वतः दोन वर्षं हे केलंय. तिसऱ्या वर्षी नाही म्हणालो तर पंधरा दिवस मला ज्या फ्रेमवर जास्त धागे तुटतात तिथं टाकलं. फार मोठं हौतात्म्य नाही ते. सांगतो एवढ्यासाठी, की नाही म्हणायची किंमत एवढीच असते बहुतेक वेळा, आणि तेवढीही आपण देत नाही.

एक शहाणा मुद्दा नेहमी पुढं येतो. देवाच्या आज्ञा सगळ्याच वाईट नसतात, चोरी करू नको, खून करू नको, यात काय वाईट? मोशेच्या दहा आज्ञांत तर सातव्या दिवशी नोकराला आणि जनावरालाही विसावा द्या असं आहे. छान आहे. मग मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कुणी दिली? बायबल वाचणारा साहेब इथं राज्य करत होता, तो आज्ञा पाळायला स्वतः चर्चमध्ये जात होता आणि गिरणीचा भोंगा चालू होता. सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे, जोतीबांच्या सत्यशोधक कार्यकर्त्यामुळे. १८८४ पासून सभा, सह्या, अर्ज, आणि मग १० जून १८९० ला रविवार. लोखंड्यांनी रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही कारण पुढं केलं होतं. केलं असेल. लढणाऱ्याला हाताशी येईल तो दगड उचलावा लागतो. पण खंडोबा आधीही होता आणि रविवारही होता. हजारो कामगार मैदानात जमेपर्यंत दोघंही गप्प होते. चांगली आज्ञासुद्धा माणसं जमल्याशिवाय गिरणीच्या फाटकातून आत येत नाही.

देवाचं भय नसेल तर माणूस जनावर होईल म्हणणाऱ्यांना मी एकच गावाचं नाव सांगतो. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. मारणाऱ्यांना देव ठाऊक नव्हता काय?

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही तर देव सोडलेत. मग आता घरात शिरतो. माझ्याच.

माझी आत्या जोगतीण आहे. नऊ वर्षांची असताना तिच्या केसात जट आली. जट म्हणजे देवीचं बोलावणं. आजीने हुकूम ऐकला. तिला सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन यल्लम्माला सोडली, गळ्यात मणी बांधले. साल १९७४. आता तारखा मांडा. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात या चालीविरुद्ध कायदा केला १९२० ला. त्याच साली आमच्या गिरणीपासून सायकलने जाता येईल अशा माणगावात परिषद भरली आणि महाराजांनी बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून दाखवलं. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी जोगतिणी, मुरळ्या, पोतराज यांच्यापुढं उभं राहून हे जिणं टाका म्हणून सांगितलं. धर्मांतर १९५६. आमच्या वस्तीनेही दीक्षा घेतलेली. आणि १९७४ ला आत्याच्या गळ्यात मणी. दोन कायदे आणि एक धर्मांतर ओलांडून देवीचा हुकूम आमच्या घरात आला, कारण तो केसातून आला. केसाला पोलिस अडवत नाही.

आत्याचं पुढं काय झालं ते मी इथं छापणार नाही. तुम्ही सगळे जाणता. तिच्यावर कविता करून टाळ्या घेणारेही आपल्यात आहेत. मीही एक केली होती. तिने ती ऐकली आणि म्हणाली, "बरी हाय. पर रांडाव पुनवंला चुडं फोडत्यात त्या वक्ताला हात दुकतोय, ते न्हाई लिवलंस." ती कविता मी फाडली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला टायफॉइड झाला. तेरा वर्षांची. महिनाभर अंथरुणाला खिळून होती, केस विंचरले नाहीत, घाम, तेल, उशीची घसट. उठली तेव्हा मानेमागं जटेचा गुंता. आईने हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. भिंतीवर बुद्ध आहे, बाबासाहेब आहेत. रोज सकाळी ती त्यांच्यापुढं मेणबत्ती लावते. पण फळीमागं, डब्याच्या आड, आत्याची जुनी परडी आहे, ती मला त्या दिवशी दिसली. सव्वीस वर्षं त्या घरात राहून!

आई म्हणाली, "देवीचा हुकूम हाय रं. मोडला तर कोप हुईल."

मी गरम डोक्याने कातर घेतली. म्हणालो, बाबासाहेबांनी सांगितलंय हे चालणार नाही. कापायची म्हणजे कापायची. इथं माझं घर आहे, मी सांगतो ते होणार. आणि बहीण, जिच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, ती भिंतीला टेकून म्हणाली, "म्हंजे आईचा एक हुकूम, तुजा एक. माजं डोस्कं हाय न्हवं ते?"

भावांनो, मी दहा वर्षं कार्यकर्ता आहे. मोर्चे काढलेत, तीन वेळा चौकीत बसलोय. मला कुणी एवढ्या कमी शब्दांत आडवं केलं नव्हतं.

कातर ठेवली. त्या रात्री मी बावीस प्रतिज्ञा पहिल्यांदा नीट वाचल्या. म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. व्याकरण मला शाळेने शिकवलेलं नाही, नववीत सुटली, पण एवढं दिसलं की त्या 'मी'च्या तोंडून आहेत. मी मानणार नाही. मी करणार नाही. मी पाळीन. कुठंही 'तू करू नकोस' नाही. देवाची आज्ञा समोरच्याला बोट दाखवून येते. प्रतिज्ञेत बोलणारा आणि पाळणारा एकच माणूस. पंचशीलातही तेच. चोरी करू नको असं बुद्ध म्हणत नाही; चोरीपासून दूर राहण्याचं शिक्षण मी उचलतो असं म्हणणारा उपासक स्वतः असतो. समादियामि. उचलतो. कुणी डोक्यावर ठेवलेलं नाही.

जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरचं जे भाषण लाहोरच्या मंडळाने होऊ दिलं नाही आणि जे १९३६ ला बाबासाहेबांनी पदरच्या पैशाने छापलं, त्यात सगळा भर यावरच आहे की नियम वेगळा आणि तत्त्व वेगळं. नियम सांगतो हे कर, आणि माणसाचं डोकं बंद करतो. तत्त्व तुला डोकं वापरायला लावतं आणि म्हणून जबाबदारीही तुझ्यावर टाकतं. आज्ञांचं आणि मनाईंचं गाठोडं म्हणजे धर्म नव्हे, असं ज्या माणसाने सांगितलं त्याच्याच नावाने आमचे अध्यक्ष म्हणतात, आज्ञेला प्रश्न नसतो! बुद्धाने कालामांना सांगितलं की परंपरेने आलंय म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतोय म्हणून मानू नका. त्याने स्वतःलाही त्यातून वगळलं नाही. १४ ऑक्टोबरला नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांनी आधी स्वतः भन्ते चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं, मग लोकांना विचारलं की ज्यांना दीक्षा घ्यायची त्यांनी उभं राहावं. उभं राहावं, म्हणजे ज्याला नको त्याला बसायची मुभा होती. कुठला देव असं विचारतो?

तुम्ही म्हणाल, एवढं शब्दाचं कीस कशाला? आज्ञा म्हण, प्रतिज्ञा म्हण, पाळली म्हणजे झालं. नाही होत. आज्ञा पाळणारा हुकूम देणाऱ्याच्या पाठीमागं हळूच ती मोडतो. आमच्याकडे एका रिक्षावर पुढं मोठ्या अक्षरात जय भीम आहे आणि बंपरला शनिवारचं लिंबू-मिरची. रिक्षावाला माझा दोस्त. त्याला विचारलं तर हसून म्हणाला, जय भीम वस्तीसाठी, लिंबू रस्त्यासाठी. दोन साहेब, दोन सलाम. आज्ञा पाळायची सवय लागलेल्या माणसाला एक साहेब कमी पडतो.

दारूचंही सांगून टाकतो, लपवून काय उपयोग. मी पीत होतो. पगाराच्या दिवशी, पाळी सुटली की. विहारात म्हणायचो आणि गुत्त्यावर जायचो, आणि मला वाटायचं मी बाबासाहेबांचा गुन्हेगार आहे. पाप केल्यासारखं वाटायचं, मग जयंतीला दुप्पट वर्गणी देऊन फेडायचो. नवस फेडतात तसं. ज्या दिवशी कळलं की हे मी बोललोय, माझंच वाक्य मी खोटं पाडतोय, त्या दिवसापासून वर्गणीने फिटेना. सुटली असं छातीवर हात ठेवून सांगत नाही. चौदा महिने झाले.

बहिणीच्या जटेला तीन आठवडे लागले. मी रोज घरी बोलत होतो, आई रोज रडत होती. आता २०१३ चा कायदा आहे, दाभोलकरांचा खून पडल्यावर सरकारला जाग येऊन झालेला. अंधश्रद्धा निर्मूलनवाली माणसं गावोगाव जटा सोडवतात. एक कार्यकर्ती घरी येऊन गेली, तिने गुंता कसा होतो ते आईला आईच्याच केसावर दाखवलं. आई ऐकत होती, मान हलवत होती, आणि हलत नव्हती.

शेवटी आत्या आली. साठीची बाई, गळ्यात अजून मणी. तिने जट हातात घेऊन वजन केल्यासारखी तोलली. आई म्हणाली, तुम्हीच सांगा आता, देवी काय म्हणतीया. आत्या म्हणाली, "मला काय ईचारतीस? माज्या टायमाला मला कुणी ईचारलं न्हाई. हिला ईचार."

आईने आयुष्यात पहिल्यांदा पोरीला असं काहीतरी विचारलं असेल. पोरगी म्हणाली, काप. आत्याने कातर मागितली. धार नव्हती, दोन वेळा अडकली. जट खाली पडली ती पाव किलोसुद्धा नव्हती. आत्याने ती उकिरड्यावर टाकली नाही, पुरली. का ते मी विचारलं नाही. रात्री आईने परडीपुढं दिवा लावलाच. मी बघितलं, आणि विझवला नाही. याबद्दल मला शिव्या घालायच्या असतील तर घाला. मागच्या वेळी विझवायला गेलो होतो तेव्हा मीच मुकादम झालो होतो.

पण विहारातली गोष्ट मी सोडणार नाही. त्या पोराला खाली बसवलं त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून एक पोथी पुन्हा बांधायला घेतली. उद्या तिच्यावर कापड चढेल, परवा तिला कुणी शिवायचं आणि कुणी नाही ते ठरेल, आणि तेरवा तिचा अर्थ सांगणारा एक भट आपल्यातूनच उभा राहील. तो खादी घालेल की निळा फेटा बांधेल, काय फरक पडतो? ज्याला प्रश्न नको असतो त्याला पुढं दक्षिणा हवी असते. या धंद्याचा दुसरा नियम मला माहीत नाही. काही वस्त्यांत वर्गणीच्या पावतीपुस्तकावरून ते दिसायलाही लागलंय.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे, सकाळी दहाला. मी रात्रपाळी करून थेट येणार. त्या पोराला निरोप दिलाय, तो आधी येतच नव्हता, आता येतो म्हणालाय. बहिणीला घेऊन येतोय. डोकं मागून अजून उघडं आहे, केस बोटभर आलेत, ती ओढणी घेणार नाही म्हणते. तिच्याकडे एक वही आहे आणि वहीत बावीस प्रतिज्ञा उतरवून प्रत्येकीपुढं तिने काहीतरी लिहिलंय. मला दाखवत नाही. अध्यक्षांना एवढंच सांगणं आहे की त्या दिवशी घड्याळ घरी ठेवून यावं.